विहिरीवरील रखवालदार

नागपूरहून इटारसीकडे जाणारी रेल्वेगाडी पांढुर्णा मागे टाकून तिगावला पोहोचली, की पुढे सातपुड्याचा चढ सुरू होतो. वर मुलताईचे पठार, जेथे तापीचा उगम आहे. खाली संत्र्यांच्या बागा आणि काळ्या जमिनीत खोल गेलेल्या विहिरी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा व सौसर या दोन तहसिलींचा मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. घरातील मराठी आणि वावरातील संत्रा मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना एकच राहिला. त्याचप्रमाणे दोन्हीकडच्या शेतकऱ्याची एक चिंताही एकच राहिली आहे. ती चिंता म्हणजे विहिरीतील पाणी वेळेवर वर कसे आणावे, आणि ते वर येत असता तेथे राखण कोणी करावी.

पाणी उपसण्याचा इतिहास आपण बहुधा बळाचा इतिहास म्हणून सांगतो. आधी बैलाचे बळ, मग तेलाचे, मग विजेचे. परंतु त्याच्या जोडीने आणखी एक इतिहास चालत आला आहे आणि तो राखणीचा आहे. आज स्टार्टरच्या शेजारी भिंतीवर जी लहानशी पेटी दिसते, जिच्या पोटात नखाएवढा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे सूक्ष्मनियंत्रक, बसलेला असतो, तिचा अर्थ या दुसऱ्या इतिहासावाचून नीट उमगत नाही.

मोटेच्या काळी बळ बैलांचे असे आणि राखण माणसाची. मोटकरी नाड्यावर बसून बैल धावेवरून खाली हाकी. मोट थारोळ्यात रिती झाली की तो बैल मागे सरकवी. या साऱ्या वेळात त्याचे कान उघडे असत. चाकाची कुरकुर वाढली की वंगण हवे हे त्याला कळे. मोट हलकी येऊ लागली की विहिरीने तळ दाखविला, हेही त्याला न वाकता समजे. मग तो बैल सोडी, त्यांना वैरण टाकी आणि झऱ्यांनी विहीर पुन्हा भरण्याची वाट पाही. मोटेचे काम मंद होते व कष्टाचे होते. परंतु त्या कामात बळ आणि शहाणपण एकाच जागी नांदत होते.

यंत्र आले आणि ही जोडी फुटली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने नांगर व चरकांच्या पाठोपाठ पंपही बनविण्यास आरंभ केला आणि तेलाच्या इंजिनांवर हे पंप महाराष्ट्राच्या विहिरींवर फिरू लागले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या विद्युत पुरवठा कायद्याने राज्याराज्यांतून विद्युत मंडळे स्थापण्याचा मार्ग मोकळा झाला. १९६७ मध्ये तिगावच्या उत्तरेस, बैतूल जिल्ह्यातील सारणी येथे, सातपुडा औष्णिक केंद्राचा पहिला संच चालू झाला. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण निगम स्थापन झाले. खेड्यापाड्यांतून खांब उभे राहिले आणि त्रिफेज मोटार विहिरीच्या काठी येऊन बसली. ही मोटार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत सिद्ध झालेली. तिच्यात घासणारे भाग थोडे, निगा थोडी, बळ भरपूर. तिला एकच गोष्ट येत नव्हती. आपण कशासाठी फिरतो आहोत हे तिला कळत नव्हते. विहीर आटली तरी ती फिरतच राही.

म्हणून मोटारीच्या शेजारी स्टार्टर आला. त्याच्यात दोन रखवालदार बसविलेले असतात. एक ओव्हरलोड रिले. मोटार बेताबाहेर वीज खाऊ लागली की उष्णतेने त्यातील पट्टी वाकते आणि जोडणी तुटते. दुसरा नो व्होल्ट कॉइल. वीज गेली की या कॉइलची पकड सुटते आणि स्टार्टर बंद होतो. वीज परत आली तरी तो आपणहून सुरू होत नाही. माणसाने जाऊन हिरवे बटण दाबावे लागते. ही गैरसोय मुद्दाम ठेवलेली आहे. वीज गेली असता कोणी विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्ह साफ करीत असेल, कोणाचा हात पट्ट्यावर असेल. अशा वेळी मोटार आपल्या मनाने फिरू लागली तर अनर्थ होईल. ज्यांनी स्टार्टर रचला त्यांनी हा माणूस डोळ्यांपुढे ठेवला होता.

पण स्टार्टर रचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नसलेली एक गोष्ट पुढे खेड्यात घडली. वीज कमी पडू लागली. शेतीला ती ठरावीक तासच मिळू लागली आणि ते तास पुष्कळदा रात्रीचे असत. मध्य प्रदेशात २०१३ च्या अटल ज्योती अभियानाने घरांना २४ तास व शेतीला १० तास वीज देण्याचे धोरण स्वीकारले. त्यासाठी गावाची व शेतीची वाहिनी वेगळी करण्यात आली. त्याआधीची आणि पुष्कळ ठिकाणी त्यानंतरचीही कथा एकच होती. मध्यरात्री ‘लाईन आली’ असे कोणी ओरडे, आणि कंदील वा बॅटरी घेऊन शेतकरी बांधाबांधाने विहिरीकडे निघे. पायांखाली साप-विंचू, ओले हात, लोखंडी पेटी, उघडी तार. बटण दाबावे, तासभर थांबावे, तोच वीज जावी. किती जण त्या वाटेवरून परत आले नाहीत, याच्या आठवणी प्रत्येक तालुक्यात आहेत.

या त्रासातून ‘ऑटोस्विच’ जन्मास आला. गावातील वायरमननेच त्याची युक्ती काढली आणि बाजारानेही ती उचलली. वीज आली की हा स्विच स्वतः स्टार्टरचे बटण दाबल्यासारखे करतो. शेतकरी अंथरुणात राहिला आणि मोटार सुरू झाली. एका घरापुरते पाहिले तर याहून सुखाची गोष्ट नाही. परंतु एकच विहीर पाहून ज्याचा हिशेब होत नाही असे एक यंत्र प्रत्येक शिवारात उभे असते. त्याला गावकरी ‘डीपी’ म्हणतात. पुस्तकी नाव ट्रान्स्फॉर्मर.

हिशेब सोपा आहे. पाच अश्वशक्तीची मोटार चालू असता सुमारे साडेपाच केव्हीए घेते. अशा दहा मोटारी एका ६३ केव्हीएच्या डीपीवर असल्या तर त्यांचा चालता भार सुमारे ५५ केव्हीए होतो, आणि डीपी तो निभावून नेते. पण उभी मोटार फिरू लागते त्या पहिल्या क्षणी ती नेहमीच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते. माणसे आपापल्या पायांनी विहिरीवर जात होती तेव्हा कोणी आधी पोहोचे, कोणी मागून. मोटारी एकामागून एक सुरू होत. ऑटोस्विच लागल्यावर दहाही मोटारी एकाच श्वासात उठू लागल्या. ५५ च्या जागी तीनशेच्या वर केव्हीएची मागणी एका क्षणी येऊन पडली. दाब कोसळला, मोटारी उठता उठेनात, फ्यूज गेले आणि कित्येकदा डीपीच जळाली. मग आठ-आठ, पंधरा-पंधरा दिवस कोणाच्याच झाडाला पाणी नाही. महाराष्ट्राच्या वीज वितरण कंपनीला ऑटोस्विच काढून टाका व कॅपॅसिटर बसवा, अशी आवाहने वारंवार करावी लागली ती यामुळेच. शेतकऱ्याचे काही चुकले होते असे म्हणवत नाही. त्याने आपला जीव वाचविण्याचा उपाय केला होता. चुकले होते ते त्या उपायाच्या रचनेत. त्याला वीज आली एवढे कळत होते; शेजारी कळत नव्हता.

या ठिकाणी या कथेत एक दूरचे पात्र प्रवेश करते. १९७१ मध्ये अमेरिकेतील इंटेल कंपनीने बिझिकॉम या जपानी कंपनीच्या गणकयंत्रासाठी ४००४ नावाची चकती काढली. सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर तिच्यात मावले होते आणि गणिताचा व निर्णयाचा सारा व्यवहार ती एकटी करी. पण स्मरणशक्तीसाठी व बाहेरच्या तारांसाठी तिला शेजारी आणखी चकत्या लागत. १९७४ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने टीएमएस १००० बाजारात आणली. हिच्यात विचार, स्मरण आणि बाहेरील तारांची दारे एकाच तुकड्यावर होती. सूक्ष्मनियंत्रक म्हणतात तो हाच. १९७६ मध्ये इंटेलची ८०४८ आली आणि १९८० मध्ये ८०५१. या ८०५१ मध्ये चार किलोबाइटचा कायम संग्रह, १२८ बाइटची चालती स्मृती, दोन कालमापके आणि ३२ तारांची दारे होती. आजच्या मानाने हे भांडवल दरिद्री वाटेल. पण पंपाच्या राखणीला एवढे पुरून उरते.

भारतात ही ८०५१ अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात शिरली आणि पिढ्यान् पिढ्या तेथेच राहिली. दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ या मासिकातून लहान लहान मंडलांच्या कल्पना छापून येत आणि पाण्याच्या टाकीची पातळी दाखविणारे वा पंप आपोआप बंद करणारे मंडल हा त्यांतील आवडता विषय होता. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर व पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळत. आरंभी एक अडचण होती. चकतीत एकदा लिहिलेला कार्यक्रम पुसण्यास अतिनील प्रकाशाचा दिवा लागे किंवा तो पुसताच येत नसे. १९९० च्या दशकात विजेनेच पुसून पुन्हा लिहिता येतील अशा स्वस्त चकत्या आल्या. चुकले तर पुसावे आणि पुन्हा लिहावे, ही पाटीची सोय लाभली. २००५ मध्ये इटलीतील इव्रिया येथे आर्दुइनो नावाची शिकाऊ पट्टी तयार झाली आणि शाळकरी मुलांनाही ही विद्या हाताशी आली.

महाराष्ट्रात या विद्येला खेड्याची वाट दाखविणाऱ्यांत डॉ. श्रीनाथ कलबाग यांचे नाव घ्यावयास हवे. त्यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापला. हाताने काम करता करता शिकावे, आणि काम गावाच्या उपयोगाचे असावे, हे तेथील सूत्र. अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेबाहेरील अगदी पहिल्या ‘फॅब लॅब’पैकी एक २००२ मध्ये याच पाबळला सुरू झाली आणि शेतीला लागणारी मोजमापाची साधने तेथे घडविली जाऊ लागली.

पंपाच्या पेटीतील मंडल कागदावर मांडले तर त्याचा विचार मोटकऱ्याच्या विचारासारखाच आहे, असे दिसते. मोटकऱ्याला कान होते. पेटीला तीन लहान ट्रान्स्फॉर्मर असतात. ते तिन्ही फेजांचा दाब उतरवून चकतीच्या पाच व्होल्टांच्या मापात आणतात. दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट असावेत असा संकेत आहे. दाब फार खाली गेला, किंवा तिहींतील एक फेज गेली, तर चकती रिले सोडते आणि स्टार्टर बंद होतो. फेज गेलेली मोटार थांबत नाही, हा तिचा दुर्गुण. उरलेल्या दोन तारांतून ती सुमारे पावणेदोनपट प्रवाह ओढीत राहते आणि काही मिनिटांत तिचे वेटोळे जळते. रिवाइंडिंगचा खर्च आणि बागेचे बुडालेले पाणी पाहता हा एकच पहारा पेटीची किंमत भरून काढतो.

विहीर आटल्याचे मोटकऱ्याला मोटेच्या वजनावरून कळे. पेटीला ते प्रवाहावरून कळते. एका तारेभोवती तांब्याच्या वेटोळ्याचे कडे बसविलेले असते आणि त्यातून मोटार किती अँपिअर घेते हे चकतीला मिळते. पाणी संपून पंप हवा ओढू लागला की त्याचे ओझे उतरते व प्रवाह घटतो. चकती काही सेकंद खात्री करून घेते, कारण एखादा बुडबुडा म्हणजे कोरडी विहीर नव्हे, आणि मग मोटार थांबविते. पाण्यानेच थंड राहणाऱ्या सबमर्सिबल पंपाला तर हा पहारा प्राणासारखा आहे. या टापूत खाली काळा पाषाण आहे; त्याच्या भेगांतून जेवढे झिरपेल तेवढेच पाणी. म्हणून पेटी अर्धा तास, तासभर थांबून पुन्हा प्रयत्न करते. बैल सोडून वैरण टाकण्याचा तो जुना विसावाच कालमापकाच्या रूपाने परत आला आहे.

या मंडलात आणखी काही लहान भाग असतात आणि त्यांत अनुभवी कारागीर ओळखू येतो. रिलेच्या वेटोळ्यावर उलटा डायोड लावलेला असतो, म्हणजे रिले सुटताना उसळणारा दाब चकतीला मारीत नाही. विजा चमकतात तेव्हाचा तडाखा पिण्यासाठी तारांवर एक संरक्षक चकती असते. कार्यक्रम कोठे अडकला तर त्याला हलवून जागे करणारे वेगळे घड्याळ असते. इंग्रजीत त्याला पहाऱ्याच्या कुत्र्याचे नाव आहे. मोटार कोणी हाताने बंद केली होती काय, ही गोष्ट वीज गेल्यावरही पुसली जाणार नाही अशा स्मृतीत लिहून ठेवलेली असते. हाताने बंद केलेली मोटार पेटीने आपणहून सुरू करता कामा नये. सुरू करण्याआधी काही सेकंद घंटा वाजावी, असेही चांगल्या रचनेत असते. नो व्होल्ट कॉइल रचणाऱ्यांनी ज्या माणसाची काळजी वाहिली होती, विहिरीत उतरलेला तो माणूस, ऑटोस्विचला विसरला गेला होता. या दोन-चार ओळींच्या कार्यक्रमाने तो पुन्हा आठवला.

आणि शेजारी? त्याच्यासाठी लागते ती केवळ थोडी वाट पाहण्याची आज्ञा. वीज आली की चकतीने लगेच उठू नये. ठरविलेले सेकंद मोजावेत आणि मगच रिले ओढावा. दहा मोटारींमध्ये वीस-वीस सेकंदांचे अंतर ठेवले तर शेवटची मोटार पहिलीनंतर तीन मिनिटांनी उठते. तीन मिनिटांत कोणाचे झाड सुकत नाही. डीपी मात्र वाचते. या सोयीला पेटीत एक पैसा जास्त पडत नाही, कारण कालमापक चकतीत आधीच आहे. पण कोणाची पाळी पहिली आणि कोणाची दहावी, हे चकती ठरवू शकत नाही. डीपीवरील दहा जणांनी एकदा बसून ते ठरवावे लागते, आणि आपला आकडा गुपचूप शून्यावर आणावयाचा नाही, एवढा शब्द पाळावा लागतो. पाटाच्या पाण्याची पाळी गावाने पूर्वी जशी लावली, तशीच ही पाळी आहे.

रात्रीच्या वाटेचा प्रश्न सोडविण्यात पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या आजोबांना म्हातारपणी रात्रीबेरात्री पंप सुरू करण्यासाठी शेतावर जावे लागे. ते हाल पाहिल्याने आपण या कामास लागलो, असे त्यांनी सांगितले आहे. १९९५ मध्ये भारतात मोबाइल दूरध्वनी सुरू झाला आणि तो खेड्यापर्यंत पोहोचल्यावर ओस्तवालांच्या ‘नॅनो गणेश’ या साधनाला वाट मिळाली. स्टार्टरला जोडलेल्या साधनाला शेतकरी घरून फोन लावतो. तेथे वीज आहे की नाही ते त्याला येणाऱ्या स्वरावरून कळते. मग आकडा दाबला की मोटार सुरू होते, दुसरा दाबला की बंद. दूरध्वनीच्या प्रत्येक आकड्याला दोन स्वरांची जोडी असते, ही १९६३ मध्ये अमेरिकेत प्रचारात आलेली युक्ती येथे संत्र्याच्या आळ्यापर्यंत येऊन पोहोचली. २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत या साधनाला पारितोषिक मिळाले. ऑटोस्विच आणि यात एक मोलाचा भेद आहे. येथे पंप सुरू करण्याचा निर्णय पुन्हा माणसाकडे आला. फक्त त्याचे पाय अंधारातून वाचले.

हा निर्णय माणसाकडे असणे किती अगत्याचे आहे ते संत्र्याच्या बागाईतदाराला सांगावयास नको. आंबिया बहार धरावयाचा तर डिसेंबर-जानेवारीत झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावे लागते. पाने मलूल होऊ लागली, ताण पुरा बसला, असे पाहूनच पहिले पाणी सोडावयाचे. मग फुले येतात. ताण कमी पडला तर बहार फुटत नाही, अधिक झाला तर झाड खचते. त्या दिवसांत वीज आहे, विहिरीत पाणी आहे, मोटार ठणठणीत आहे, पेटीचे सारे दिवे हिरवे आहेत, आणि तरीही पंप बंद ठेवणे हेच योग्य असते. फेज मोजता येते, अँपिअर मोजता येतात. झाडाकडे पाहून ‘आज नको, आणखी चार दिवस’ असे म्हणणे बागाईतदाराचेच काम आहे.

मोटकऱ्याची राखण अशी तीन ठिकाणी वाटली गेली आहे. मोटारीच्या जिवाची राखण चकतीने घेतली. डीपीची राखण शेजाऱ्यांच्या शब्दावर आली. झाडाची राखण बागाईतदाराकडेच राहिली. तिगावच्या चढावर रात्रीची मालगाडी धापा टाकीत जाते तेव्हा खालच्या बागेत एखादी पेटी मोजलेले सेकंद संपण्याची वाट पाहत असते. शेजारची मोटार आधी उठते, मग तिची पाळी येते, आणि तिचा मालक घरी झोपलेला असतो.